दोन ते चार मोटरी बंद

पोराची, म्हणजे सत्यजीतची, ऑनलाइन मुलाखत घरीच होणार असं संपतआप्पांनी ठरवलं, आणि ठरवलं तेव्हा ते रागात होते. तसे ते कायमच रागात असतात. चहा गरम लागला तर चहावर, गार झाला तर कपावर, आणि दोन्ही बरोबर असलं तर टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईवर. (मांडवगणच्या आमच्या मळ्यातल्या वस्तीवर कुत्रीसुद्धा आप्पांच्या दारावरून भुंकायचं थांबवून जातात.) पण त्या दिवशीच्या रागाला खरोखरचं कारण होतं. ते कारण वरवंडला राहत होतं आणि नात्यानं मेव्हणा लागत होतं.

मेव्हण्याचं हायवेला हार्डवेअरचं दुकान. त्यानं सकाळी सकाळी फोन केला.

"दाजी, पोराची फॉरेनची मुलाखत हाय म्हनं. त्याला आमच्याकडं धाडा की. दुकानात एसी केबिन हाय. तुमच्या वस्तीवर लाईट कुठं टिकतीय."

आप्पांनी फोन ठेवला आणि बायकोकडं बघितलं. सुलक्षणाकाकूंचा तो सख्खा भाऊ, त्यामुळं पहिली सर त्यांच्यावर पडली.

"तुझ्या भावाला सांग, आमची लाईट टिकती. मुलाखत ह्याच घरात व्हनार. ह्याच खुर्चीवर."

सत्यजीत कंपनीच्या बसला निघाला होता. बूट घालता घालता तो थांबला. "आप्पा, मी शिरूरला मित्राच्या रूमवर देतो. तिथं काही टेन्शन नाही."

"बापाचं घर आस्ताना मित्राच्या रूमवर? मी काय मेलोय का?"

 सत्यजीत बूट घालून गेला.

पोराची अडचण खरी होती. इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर, रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला, पण काँट्रॅक्टवर, आणि काँट्रॅक्ट दिवाळीला संपणार. वर्षभर तो बाहेरच्या देशांत अर्ज टाकत होता. सगळीकडून एकच उत्तर यायचं: तुम्ही चांगले आहात, पण आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही. पुण्यातल्या एका एजंटानं "तेवढं सोडून सगळं करून देतो" असं सांगितलं होतं. आणि आता आयर्लंडमधल्या एका कंपनीनं लिहिलं होतं की शेवटची मुलाखत चांगली झाली तर स्पॉन्सर आम्ही करू. ही गेली तर पुन्हा अशी मिळेल याची खात्री नव्हती.

आप्पांना स्पॉन्सर हा शब्द माहीत होता. "म्हंजी जत्रंतल्या कुस्त्यांना आसतो तसा?"

"तसाच. फक्त कुस्ती मीच करायची," सत्यजीत म्हणाला होता.

"काम काय हाय पन?"

"तिकडची लाईट जाऊ नये हे बघायचं."

"मंग हितं बघ की आधी," आप्पा म्हणाले होते, आणि त्यात तसं काही चुकीचं नव्हतं.

आता आमच्या वस्तीवर लाईट का जाते हे सगळ्यांना माहीत आहे. एक डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर आमची घरं आणि बारा विहिरी. मोटरींना लागणारी थ्री फेज लाईट कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ज्यानं त्यानं मोटरीला ऑटो बसवलेला. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारी एक छोटी डबी. माणूस घरी निवांत झोपतो आणि पाणी उसाला जातं. फक्त लाईट आली की बाराच्या बारा मोटरी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज बार उडाल्यासारखा उडतो. सत्यजीत दीड वर्षं प्रत्येकाला सांगत होता की ऑटो काढा. लोक म्हणायचे, "शेजाऱ्यानं काढला की मी काढतो." इंजिनिअर घरचाच असल्यावर त्याचं कोण ऐकतं?

पण आता प्रश्न मेव्हण्याचा होता. मुलाखत बुधवारी दुपारी तीनला, आणि नेमकी त्या आठवड्यात थ्री फेज दिवसाची. आप्पांनी हुकूम काढला: बुधवारी दोन ते चार, कुणाचीच मोटर चालणार नाही.

लोक हो म्हणाले. लोक हो म्हणतातच. आप्पांचा त्यावर विश्वास नव्हता. बुधवारी जेवण झाल्यावर त्यांनी खताची रिकामी पिशवी खांद्याला अडकवली, हातात काठी घेतली आणि विहिरी-विहिरीवर फिरून प्रत्येकाच्या पेटीतली किटकॅटं उपसून घेतली. किटकॅट म्हणजे फ्यूजचा चिनी मातीचा तुकडा. तो काढला की ऑटो असो की ऑटोचा बाप, मोटर हलत नाही.

म्हस्कू हा बांधाचा शेजारी. तो पेटीला पाठ लावून उभा राहिला.

"आप्पा, कांद्याचं रोप लावलंय. पानी पायजे."

"दोन तासानं कांदा मरत न्हाई."

"मी हातानं बंद करतो की. किटकॅट कशाला नेता?"

"तुझा हात मला म्हाईत हाय. त्याच हातानं बांध कोरतुयास."

म्हस्कू बाजूला झाला. (बांधाचा विषय निघाला की म्हस्कू नेहमीच बाजूला होतो.) "पोराचं भलं व्हतंय म्हनून देतो," तो पुटपुटला. आप्पांनी किटकॅटं पिशवीत टाकली. शेवटच्या विहिरीवरून परत येईपर्यंत पिशवी अशी वाजत होती की लांबून बांगड्यांचा कासार आला असं वाटावं.

तीन वाजले. ओसरीच्या खोलीत सत्यजीत इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला. पडद्यावर चष्म्यातली एक गोरी बाई आली. आप्पा दाराबाहेर काठी घेऊन पहाऱ्याला. सुलक्षणाकाकूंनी मिक्सर तर लावला नव्हताच, पण पाटा-वरवंटासुद्धा आप्पांनी बंद करायला लावला होता. आतून इंग्रजी ऐकू येत होतं. पोरगं न अडखळता बोलत होतं. आप्पांना वाटलं, आत्ता मेव्हण्याला फोन करावा आणि नुसता कानाला लावून द्यावा.

तेवढ्यात लाईट गेली.

आणि पापणी मिटून उघडावी तशी परत आली. ती तशी जाते-येते, कुणी लक्षही देत नाही. पण परत आली त्याबरोबर रानातून एक घरघर ऐकू आली. जाड, अडकलेली, घशात हाड रुतलेल्या बैलासारखी. मग डीपीवर धाड्‌ करून आवाज झाला आणि सगळं थंड.

आप्पांच्या डोक्यात एकच नाव आलं. ते काठी उगारून बांधाकडं निघाले. "म्हस्क्या, थांब. आज तुझी मोटर हिरीत घालतो आन् वरनं तुला."

घरात सत्यजीतचा लॅपटॉप चालू होता, पण वायफाय गेलं. (इन्व्हर्टर होता. त्याची बॅटरी आप्पांनी महिन्यापूर्वी ट्रॅक्टरला लावली होती.) पोरानं मोबाईल उचलला. आमच्याकडं मोबाईलची रेंज फक्त एका ठिकाणी भरवशाची, डीपीजवळच्या उंच बांधावर. तो धावत तिथं गेला, बाईला पुन्हा व्हिडिओ कॉल जोडला, माफी मागितली आणि दम खात सांगितलं की लाईट गेली.

बाई म्हणाली, हरकत नाही. मग तिनं त्याच्या मागं बघितलं आणि काहीतरी विचारलं. त्यानं वळून मोबाईल डीपीवर धरला.

नेमके त्याच वेळी आप्पा तिथं पोचले, आणि समोरून म्हस्कू.

"कुनी चालू केली मोटर?" आप्पांनी काठी आपटली. "बोल की आता. कुनाची व्हती ती घरघर?"

"आप्पा, आवाज कमी करा. पोराचं चालू हाय."

"आवाज म्या कमी करू? तू मोटर चालू करनार आन् आवाज म्या कमी करू?"

"आप्पा," म्हस्कू शांतपणे म्हणाला, "माझं किटकॅट तुमच्या पिशवीत हाय."

आप्पांनी पिशवीकडं बघितलं.

"समद्यांचं तुमच्याच पिशवीत हाय," म्हस्कू म्हणाला. "फकस्त तुमचं सोडून."

हे खरं होतं. अकरा विहिरींच्या पेट्या रिकाम्या करणाऱ्या माणसाला बारावी पेटी आठवली नव्हती, कारण ती त्याची स्वतःची होती. त्या पेटीत ऑटो होता. पंप गाळानं जाम झाला होता. आणि मोटर अडकली की लाईट तोडणारी रिले सारखी पडते म्हणून चिडून आप्पांनी तिला बायपास करून वायर डायरेक्ट जोडली होती, किटकॅटातही जाड तार घातली होती, त्यामुळं मोटर अडकली तरी तिला थांबवणारं वाटेत कुणीच नव्हतं.

सत्यजीतनं सगळं ऐकलं. तो बाईशी इंग्रजीत बोलायला लागला. हात डीपीकडं, मग विहिरीकडं, मग आप्पांकडं. आप्पांना त्यातले तीन शब्द कळले: मोटर, ऑटो, आणि फादर. बाई एकदम हसली आणि काहीतरी म्हणाली. सत्यजीत म्हणाला, "आप्पा, त्या हॅलो म्हणतात."

आप्पांनी काठी काखेत घेतली आणि खताची पिशवी सावरत डीपीखाली उभं राहून हात जोडले. मनातला राग चेहऱ्यावरून काढायला वेळ मिळाला नाही, त्यामुळं नमस्कार असा दिसत होता की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं.

फोन संपला. सत्यजीत एवढंच म्हणाला, "आप्पा, दीड वर्ष सांगतोय. ऑटो काढा."

"चारचौघांत बापाला शिकवतो?" आप्पा म्हणाले, आणि त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद झालं. जे काही असेल ते सुलक्षणाकाकूंच्या मार्फत. "त्याला म्हनावं जेवायला ये." "त्यांना म्हनावं आलो." मधल्या माणसाचे हाल काय असतात ते काकूंनाच विचारा.

पंधरा दिवसांनी कंपनीचा मेल आला. नोकरी पक्की, व्हिसा कंपनी करणार. सत्यजीतनं आईला सांगितलं. काकूंना रडूच फुटलं आणि त्या आप्पांना सांगायला गेल्या. आप्पा गोठ्याच्या पलीकडं जाऊन बराच वेळ गाईशी काहीतरी बोलत उभे राहिले. मग परत येऊन रागानंच म्हणाले, "त्याला म्हनावं, तिकडं थंडी आसती. कानटोपी घे."

पोरगं गेलं. दोन महिन्यांनी त्यानं आईच्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. मोठा हॉल, खुर्च्यांवर गोरे लोक, समोर मोठा पडदा, आणि पडद्यावर मुलाखतीच्या दिवशीचे संपतआप्पा. डीपीखाली, काखेत काठी, खांद्याला खताची पिशवी, हात जोडलेले. खाली इंग्रजीत एक ओळ.

आप्पांनी फोटो बोटांनी मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा केला.

"अहो, खाली काय लिव्हलंय ते त्याला इचारा तरी," काकू म्हणाल्या.

"मी इचारनार न्हाई. तो बोलला का माझ्याशी? फोटो लावलाय म्हंजी चांगलंच लिव्हलं आसंल. वाईट मानसाचा फोटो कोन लावतंय?"

"पोलीस चौकीत लावत्यात," काकू म्हणाल्या.

आप्पा शिरूरला गेले आणि फ्लेक्स करून आणला. दहा बाय आठचा, चौकात, ग्रामपंचायतीच्या बरोबर समोर. वर लिहिलं होतं: 'मांडवगणची शान आयर्लंड देशी झळकली'. मधे तोच फोटो. खालची इंग्रजी ओळ फ्लेक्सवाल्यानं मोठ्या लाल अक्षरांत जशीच्या तशी घेतली होती, कारण आप्पांनी बजावलं होतं की तिकडच्या सायबांच्या शब्दांना हात लावायचा नाही. फ्लेक्सचा फोटो सगळ्यात आधी वरवंडला पाठवला.

चार दिवस आप्पा चौकात चहा पीत बसले. लोक येऊन नमस्कार करत. पाचव्या दिवशी म्हस्कूची पोरगी अंकिता कॉलेजातून एसटीनं उतरली, फ्लेक्ससमोर थांबली आणि ओढणी तोंडावर धरून हसायला लागली.

"काय गं, हसाय काय झालं?" आप्पा उठून उभे राहिले.

"काही नाही, आप्पा."

"वाच म्हनतो ना."

"'बिघाडाचं मूळ कारण' असं लिहिलंय," अंकिता म्हणाली, आणि जमेल तितक्या वेगानं घरी गेली.

आप्पा चौकातून तडक उठले. शिडी, कोयता आणि शिव्या, तिन्ही घेऊन ते परत येतात तोवर फ्लेक्सखाली वायरमन बिरदेव उभा. मोबाईलवर फोटो काढत होता.

"बाजूला हो. फाडायचाय."

"फाडू नका, आप्पा. आमचं वीज मंडळाचं सायेब लई खूश हायत," बिरदेव म्हणाला. "ऑटो काढा, ऑटो काढा म्हनून आमी किती बोंबललो, कुनी ऐकलं न्हाई. सायबांनी ह्या फ्लेक्सवरची वळ वाचून दावली, आन् आपला बी फोटो लागंल म्हनून कालपास्नं सात जनांनी ऑटो काढून आनून दिलं. सायेब म्हनले, हाच फोटो सगळीकडं लावू. पयला वरवंडला. हायवेला जागा पन बघितली, ते हार्डवेअरचं दुकान हाय बगा, त्याच्या दारात. दुकानदार सवता म्हनला, फुकट लावा, आमचे दाजीच हायत."

आप्पांच्या तोंडून शिवी निघाली नाही. हे आमच्या गावानं पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी शिडी खांद्यावर घेतली, घरी आले, ओसरीवर बसले आणि अगदी हळू आवाजात काकूंना म्हणाले, "त्याला फोन लाव. इचार, त्यांची कंपनी इंजिनिअर सोडून दुसऱ्या मानसाला व्हिसा देती का. म्हनावं, पडंल ते काम करीन. पन लवकर इचार, फ्लेक्स सोमवारी लागतोय."

काकू आत गेल्या. आतून बोलण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग पुन्हा बोलण्याचा. त्या पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या.

"काय म्हनला?"

"म्हनला, आप्पांना म्हनावं, कंपनीनं एकच अट घातलीय."

"कंची?"

"आधी ऑटो काढा."