हुकूम स्वयंपाकघरातून

मी कुणाच्या बापाला भीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा.

निजामाच्या राज्यात ठाणाकुशनूरची आमची शाळा माझ्याच ओसरीवर भरायची. एकदा वरून फर्मान आलं, की मास्तरांनी वर्गात हुकूम फक्त उर्दूत द्यावेत. मराठी शब्द काढला तर नोकरी गेली. आता पोरं बोलणार मराठी नाहीतर कानडी. मी "खडे हो जाओ" म्हणालो की ती थुंकी लावून पाट्या पुसायला लागत. मी चिडलो आणि फर्मान पुन्हा वाचलं. बंदी मास्तरांना होती. मास्तरणीला कुठे होती?

ओसरीला लागूनच आमचा स्वयंपाक. मी बाहेरून "खडे हो जाओ" म्हणायचं, की आतून भाकऱ्या थापता थापता राजूबाई (आमचं कुटुंब, पोरांची अक्का) म्हणायची, "उठा रं लेकरांनो!" वर्ग ताडकन उभा. सरकारची कशी जिरवली, म्हणून मी मिशीला पीळ देत हिंडलो.

पण हिला हुरूप आला. मी "किताब खोलो" म्हणालो की आतून यायचं, "पुस्तकं काढा, आन् आदी शेंबूड पुसा." एकदा मी "लिखो" म्हणालो आणि सगळा वर्ग तिच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसला!

मी आत जाऊन ठणकावलं, "वर्ग माझा आहे! मी म्हणेन तेवढंच तू म्हणायचं!"

"बरं," ती म्हणाली आणि तिनं अबोला धरला. (लग्न झालेल्यांना या 'बरं'चा अर्थ सांगायला नको.)

नेमके दुसऱ्याच दिवशी औरादहून तपासणीचे साहेब आले. खुर्चीत बसले.

"खडे हो जाओ!" मी गरजलो.

वर्ग ढिम्म. आतून नुसता भाकऱ्या थापल्याचा आवाज.

"खडे हो जाओ!"

"मास्तर," पुढच्या रांगेतला काशाप्पा म्हणाला, "अक्कानं सांगितलंच न्हाई. कामून उठावं?"

"ये अक्का कौन है?" साहेबांच्या भुवया चढल्या.

 नोकरी सांभाळत, दाराकडे तोंड करून मी उर्दूतच म्हणालो, "बेगम, गलती हो गई. माफ करो."

"मला उर्दू येत न्हाई. कामून वरडायलाव?" आतून उत्तर आलं. (हीच बाई बाजारात बांगडीवाल्याशी दखनी उर्दूत अशी घासाघीस करते, की तो हात जोडतो.)

मग मीही इरेला पेटलो. गेली नोकरी तर गेली! साहेबांच्या देखत, छाती काढून, अस्सल मराठीत ओरडलो, "चुकलं माझं! वर्ग तुझा!"

"हां, आसं नीट सांगावं की. उठा रं लेकरांनो!"

अख्खा वर्ग उठला. साहेबसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले, मग भानावर येऊन टोपी सावरत बसले. मी नोकरीवर पाणी सोडून उभाच होतो. त्यांनी एकवार स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"जाने दो," ते हळूच म्हणाले. "मेरे घर में भी यही हाल है. बैठ जाओ, मास्टर."

पण मी बसलो नाही. सरकारी हुकमाला मी भीक घालत नाही! वर्गासकट ताठ उभा राहिलो. साहेबांनी पुन्हा सांगितलं, तरी नाही.

"बसा की आता," आतून आवाज आला. "तुमीबी."

बसलो.