मालदीवची तालीम

"काहीतरी एक ठरवा," पियुष म्हणाला. "सोमवारपर्यंत एजंटला कळवायचंय."

ठरत नव्हतं ते त्याच्या आईवडिलांचं. नरहरी आणि सुभद्रा यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलगा आणि सून त्यांना परदेशी पाठवणार होते. बोळिंजच्या त्यांच्या ओट्यावर सलोनी लॅपटॉप उघडून बसली होती आणि एकाच सहलीतली दोन बेटं सासूसासऱ्यांना समजावून सांगत होती.

"पहिले चार दिवस श्रीलंका. डोंगर, चहाचे मळे, हत्ती, देवळं. सकाळी सहाला गाडीत बसायचं आणि संध्याकाळपर्यंत बघत राहायचं."

"आनि दुसरं?" नरहरींनी विचारलं.

"मालदीव. तिथं समुद्र, वाळू आणि आपली खोली."

"बघायचं काय?"

"काही नाही, बाबा."

"मंग करायचं काय?"

"काहीच नाही. तीच तर मजा आहे ना."

"ओळखीचं कोन भेटेल?"

"कोणी नाही."

अशा बेटावर पूर्वी सरकार लोकांना शिक्षा म्हणून पाठवत असे, एवढं नरहरींना ऐकून ठाऊक होतं. श्रीलंकेत मिरी होती, दालचिनी होती, नारळ होता. माणसानं जाऊन दोन गोष्टी शिकून याव्यात अशी ती जागा होती.

"मला दुसरं," सुभद्रा म्हणाली.

आळीच्या तोंडावरच्या घरात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईनं दुसरं काय मागावं? वाडीवर जाणारा प्रत्येक जण आधी तिच्या ओट्यावर टेकायचा. चहा तिच्याकडे, चार घरांच्या जादा किल्ल्या तिच्याकडे, चुलतसासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं वेळापत्रक तिच्याकडे. कोयता हरवला तर भावकीतले लोक आधी सुभद्राला विचारत आणि मग शोधायला लागत. गेल्या मंगळवारी तिनं सहज मोजलं, तर दुपारच्या जेवणापर्यंत तिला त्रेसष्ट हाका आल्या होत्या. जिथं आपल्याला कुणी काही विचारणार नाही अशा जागी चार दिवस बसायचं, एवढीच तिची इच्छा होती. देवाला सांगायचीही तिला लाज वाटे, कारण देव म्हणाला असता, एवढंच?

"दोन्ही बेटं करू की," पियुष म्हणाला. "पॅकेजच तसं आहे."

"करू," नरहरी म्हणाले. "पन आधी बघून."

इथं नरहरींचा स्वभाव सांगायला हवा. केळीची नवी जात लावायची तर ते आधी एकच वाफा लावून बघत. यात वाईट काही नाही. पण हाच नियम ते आयुष्यालाही लावत. गादी घेण्याआधी ते दुकानात दोन तास झोपून आले होते आणि मालकानं उठवलं तेव्हा त्याच्यावर रागावले होते. पियुषच्या लग्नाच्या महिनाभर आधी त्यांनी केटररला अख्खं जेवण करायला लावून दोन्हीकडच्या मंडळींना पंगतीत बसवलं होतं. फुलपाड्याहून आलेले सलोनीचे काका लग्न आजच आहे असं समजून आहेराचं पाकीट देऊन गेले होते.

"श्रीलंकेचं कळतंय," नरहरी म्हणाले. "ती आपली वाडीच हाय, जरा चढावरची. पन ह्या दुसऱ्याची तालीम झाली पायजे. राजोडीला समुद्र हाय, वाळू हाय, खोल्या भाड्यानं देतात. चार दिवस जाऊन काय न करता बसून बघू. जमलं तर पुढं जाऊ."

"अहो, रिक्षानं वीस मिनिटांवर?" सुभद्रा म्हणाली.

"नमुन्याचा वाफा घराजवळच लावतात."

तिनं पुढे वाद घातला नाही. चार दिवस ते चार दिवस, राजोडी तर राजोडी.

तालीम म्हणजे तालीम. सामान खऱ्या सहलीएवढं घ्यायचं, म्हणून दोन मोठ्या बॅगा काठोकाठ भरल्या गेल्या. मालदीवमध्ये ओळखीचं कुणी नसणार, म्हणून दोघांचे फोन कपाटात ठेवून दिले गेले. शुक्रवारी सकाळी आठ वाजता दोघं निघाले. बॅगा रिक्षात चढवताना आळीतल्या तीन जणांनी विचारलं, "कुठं?" नरहरींनी कुणालाच उत्तर दिलं नाही. अनोळखी जागी आपण कुणाशी बोलणार नाही, तेव्हा सवय आतापासूनच हवी, असं त्यांचं म्हणणं.

राजोडीला इनेझबाईंच्या तीन खोल्या होत्या. बाई मोठ्या मायाळू. साठीचं जोडपं, दोन अवजड बॅगा, मुक्काम चार दिवस आणि गाव विचारावं तर बोळिंज, हे ऐकून त्यांचा हात नोंदवहीवरच थांबला.

"घर हाय ना तुमचं तिकडं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हाय की. मुलगा, सून, सगळं हाय," नरहरी म्हणाले. "पन बघायचं हाय, घराबाहेर राहायला जमतं का. जमलं तर लांबच जाऊ."

"फोन नंबर?"

"फोन ठेवून आलो. कुनाशी संबंधच नको."

इनेझबाईंनी डोळ्याला पदर लावला, समुद्राकडची खोली दिली आणि न मागता दोन ऑम्लेटं आणि पाव पाठवले.

नऊ वाजता सुभद्रा पाण्याकडे तोंड करून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. समोर ओहोटी लागली होती. तिच्या मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं. साडेनऊपर्यंत तिला दोनदा वाटलं की कुणीतरी हाक मारली, पण ते कावळे होते. दहा वाजता तिच्या खांद्यांत कित्येक वर्षं बसलेलं काहीतरी सैल झालं आणि तिला इतकं सुख वाटलं की ती स्वतःशीच हसली.

नरहरींचं वेगळं चाललं होतं. सव्वानऊला ते म्हणाले, "झालं का तुझं?" साडेनऊला ते खुर्चीसह उलटे फिरून इनेझबाईंच्या नारळांकडे बघत बसले. दहाला उठले. अकरापर्यंत त्यांनी तीन नारळांना आळी करून दिली होती, गळका पाइप बांधला होता आणि केळीची वाळकी पानं कापायला कोयता मागितला होता. घराबाहेर काढलेला म्हातारा परक्या दारी आल्या आल्या राबायला लागलाय, हे बघून इनेझबाईंचा धीर सुटला. त्यांच्या ओळखीची एकच बोळिंजकर होती, सत्यवती. ती दर बुधवारी त्यांच्याकडून सुकट घेई. त्यांनी तिला फोन केला.

सत्यवती ही नरहरींची चुलत वहिनी आणि भावकीची थोरली. पुढे घरी काय झालं ते सलोनीनं नंतर सुभद्राला सांगितलं. घरून काम करणारी सलोनी मीटिंगमध्ये होती. दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी कोयता मागायला आलं असेल. उघडून बघते तर ओट्यावर एकोणीस माणसं.

"सासूसासरे कुठं हायत?" सत्यवतीनं विचारलं.

"राजोडीला गेलेत. ट्रायलला."

"कसल्या?"

"मालदीवच्या. म्हणजे तिथं काही न करता बसता येतं का, ते बघायला."

सत्यवतीनं भावकीकडे पाहिलं. भावकीनं सत्यवतीकडे पाहिलं.

"बाय," ती म्हणाली, "खोटं बोलायचं तर जरा नीट बोलावं मानसानं."

"अहो काकी, खरंच! फोन लावून विचारा ना त्यांना."

सत्यवतीनं सुभद्राला फोन लावला. तो आतल्या कपाटात वाजला. मग नरहरींचा लावला, तोही तिथंच वाजला. सून म्हाताऱ्यांचे फोनसुद्धा काढून घेते, हे एकोणीस जणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर सलोनीनं लॅपटॉप आणून मालदीवचे फोटो दाखवले, पण पाण्यावरच्या त्या खोल्या बघून सत्यवती म्हणाली, "हितं तू आनि पियुष जानार, आनि त्यांना राजोडीला टाकलंस होय?" शेवटी सलोनी रडली. ते बघून काही जणांची खात्री आणखीच पटली.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुभद्राला मागून हॉर्न ऐकू आला. केळी वाहून नेणारा टेम्पो वाळूच्या कडेला उभा होता आणि त्यातून भावकी उतरत होती. सगळ्यात शेवटी, ऑफिसमधून अर्ध्या दिवसातच बोलावून घेतलेला पियुष उतरला.

"सुभद्रे!" सत्यवती धावत आली. "आम्ही काय मेलो व्हतो का गं? चल घरी. त्या पोरीचं आम्ही बघतो!"

सुभद्रानं डोळे मिटले. चार तास दहा मिनिटं, तिनं मनात हिशेब केला.

नरहरी कोयता घेऊन केळीतून बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी शांतपणे सांगितलं की सून लाखात एक आहे, बेत खरा आहे आणि ही त्याची तालीम आहे. नरहरींच्या तोंडून आल्यावर मात्र सगळ्यांना ते पटलं. गादीवाली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

भावकी ओशाळली. एकोणीस माणसं वाळूत उभी राहून एकमेकांच्या चपला बघत होती. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून नरहरी रीतीप्रमाणे बोलून गेले, "मंग, येता का कुनी बरोबर?"

आळीत कुणी यात्रेला निघालं की हे विचारायचं असतं, आणि "नको, तुम्ही जाऊन या" म्हणायचं असतं. वाडवडिलांपासून असंच चालत आलंय आणि म्हणूनच विचारणं परवडतं. पण आज सगळ्यांच्या मनाला चूक लागली होती. अशा वेळी नाही कसं म्हणायचं?

"येतो," सत्यवती म्हणाली.

"आम्ही पन," बाकीचे म्हणाले.

सुभद्राच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. पाण्यावरची खोली, खोलीत एकोणीस माणसं आणि सगळ्यांचा चहा! नरहरींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत हा माणूस बायकोच्या तोंडाकडे फारसा पाहत नसे. आज मात्र पाहिलं आणि त्यांना काय समजायचं ते समजलं.

"दोन बेटं हायत," ते म्हणाले. "पयल्यावर हत्ती, देवळं, मसाल्याच्या बागा."

"आनि दुसऱ्यावर?"

"दुसऱ्याची तालीम मी आज केली. खुर्चीत बसायचं आनि पानी बघायचं."

"मंग?"

"मंग पानीच बघायचं."

"जेवन झाल्यावर?"

"तेच पानी. मी सव्वानऊला कंटाळलो, वहिनी. खोटं नाय सांगत."

भावकीनं आपसात विचार केला आणि श्रीलंका पसंत केली. नरहरींनीही श्रीलंकाच पसंत केली. पियुषला एकोणीस जणांचे पासपोर्ट काढायचे होते, म्हणजे त्याचीही श्रीलंका ठरल्यातच जमा होती.

"आनि सुभद्रा? एकटी कशी जाईल ती?" सत्यवतीनं विचारलं.

याचं उत्तर घरी मिळालं. टेम्पो परत आला तेव्हा सलोनी सुजल्या डोळ्यांनी एकोणीस कप चहा घेऊन ओट्यावर उभी होती. दिवसभर लोकांना उत्तरं देऊन तिचा घसा बसला होता. सुभद्रानं तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला आत नेलं.

"तू येतेस का मालदीवला?"

"मी? आई, आपण दोघीच?"

"तुला काही बोलायचंय का माझ्याशी तिथं?"

सलोनीनं क्षणभर विचार केला. "खरं सांगू? नाही."

"मलाही नाही. चल मग."

तीन महिन्यांनी दोन्ही सहली झाल्या. श्रीलंकेची मंडळी दीड हजार फोटो, नऊ भांडणं आणि एक हरवलेली काठी घेऊन परतली. नरहरींनी तिथल्या एका माळ्याशी भाषा येत नसताना केळीवर दोन तास चर्चा केली होती आणि दोघांचं एकमत झालं होतं. ओट्यावर सगळे जमले, फोटो दाखवून झाले, आणि मग सत्यवती सुभद्राकडे वळली.

"तुमचा फोटो?"

"काढलाच नाही."

"बरं, दोघी काय काय बोललात?"

"काही नाही."

"चार दिवस?"

"पहिल्या दिवशी ही म्हणाली, आई, चहा आलाय. मी म्हटलं, बरं. तेवढंच."

सत्यवतीनं हातातली बशी खाली ठेवली. एका खोलीत चार दिवस राहून सासू-सुना एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणजे आग असल्याशिवाय धूर नव्हता. मंडळी चहा अर्धा टाकून उठली. असल्या घरात फार वेळ बसू नये, एवढी समज भावकीला होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी किल्ल्या न्यायला आलेला पोरगा फाटकातूनच "असू दे, असू दे" म्हणत गेला. आठवडाभर सुभद्रानं गरम चहा गरमच प्यायला. दुपारी सासू-सुना स्वयंपाकघरात शेजारी बसून शेंगा सोलत आणि तासन्‌तास चकार शब्द काढत नसत.

नवव्या दिवशी सुभद्राला खिडकीतून सत्यवती येताना दिसली. चाल धिमी, चेहरा चौकशीचा. ती फाटकापाशी आली, कडी काढावी की नाही या विचारात थांबली.

"सलोनी," सुभद्रा हळूच म्हणाली, "एखादं पातेलं आपट गं जोरात."

सलोनीनं मोठ्यातलं मोठं उचललं.