उमाची न झालेली परीक्षा

१९५४ सालच्या जून महिन्यात अंबरनाथच्या श्रीपादराव मायदेवांची मुलगी उमा ज्युनिअर बी. ए.च्या परीक्षेत नापास झाली.

असे काहीही झालेले नाही. वरचे वाक्य चुकून लिहिले गेले. वाचकांनी ते वाचलेच नाही असे समजावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

तर, श्रीपादराव मायदेव एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याने त्यांना दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे क्वार्टर दिले होते. पुढच्या खोलीत श्रीपादराव आणि त्यांची पत्नी अंजनीबाई राहत. मागच्या खोलीवर दोघांचा हक्क होता. एक उमा, जी माटुंग्याच्या सकाळच्या कॉलेजात शिकत होती, आणि दुसरे आण्णा, ज्यांचे शिकणे केव्हाच संपले होते.

आण्णा म्हणजे अंजनीबाईंचे थोरले भाऊ. बदलापूरला राहत. बावीस वर्षे मास्तरकी करून निवृत्त झालेले. वैद्यांनी त्यांना दर साल हवापालट करायला सांगितले होते, म्हणून दिवाळी झाली की ते वळकटी बांधून हवा बदलायला निघत आणि अंबरनाथला उतरत. दोहोंच्या मध्ये एकही स्टेशन नाही. "पण हवेत जमीनअस्मानाचा फरक आहे, श्रीपादराव!" असे म्हणून ते हा फरक शिमग्यापर्यंत मागच्या खोलीत बसून अनुभवत. सकाळी गुळण्या, दुपारी वर्तमानपत्राचे जाहिरातींसकट मोठ्याने वाचन आणि संध्याकाळी दुपारी वाचलेल्याचे स्पष्टीकरण, असा त्यांचा दिनक्रम होता. उमाचे पहिले वर्ष त्या स्पष्टीकरणात बुडता बुडता वाचले.

इंटरच्या वर्षी मात्र चमत्कार झाला. इंटरला युनिव्हर्सिटीची परीक्षा असते, आणि आण्णा जगात एकाच गोष्टीपुढे वाकत; ती म्हणजे परीक्षा. बावीस वर्षे त्यांनी मुलांवर पहारा केला होता. "ज्या घरात परीक्षा, त्या घरात पाहुण्याने फुलपात्रसुद्धा वाजवू नये," हा त्यांचा धर्म होता. त्या वर्षी ते आलेच नाहीत. उमाला खोली मिळाली, टेबल मिळाले, सेकंड क्लासही मिळाला. रविवारी दुपारी घरात इतकी शांतता असे, की श्रीपादराव नुसते शांतता ऐकायला जागे राहत. मुलीला शिकवावे हा आपला निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे त्यांना त्या वर्षी पटले.

इंटरचा निकाल लागल्यावर आठ दिवसांतच आण्णांचे कार्ड आले. "चि. उमा उत्तीर्ण झाल्याचे वाचून आनंद झाला. परीक्षेची कटकट मिटली. यंदा हवापालटास दसऱ्यालाच येत आहे."

"बरं झालं, पुढच्याही परीक्षेचं कळवून टाकू," श्रीपादराव म्हणाले आणि दौत पुढे ओढली.

"पुढची कुठली?" उमाने विचारले.

"ज्युनिअरची."

"ज्युनिअरला परीक्षा नसते, बाबा."

श्रीपादरावांचा टाक दौतीतच राहिला. "नसते म्हणजे?"

"नसते म्हणजे नसते. नुसत्या टर्म भरायच्या. परीक्षा एकदम पुढच्या वर्षी, सीनिअरला. सगळ्या मुली ज्युनिअरला मजा करतात. मी तर विणकाम शिकणार आहे."

"एवढी मोठी युनिव्हर्सिटी," श्रीपादराव म्हणाले, "आणि वर्षभर परीक्षा घेत नाही? मग करते काय?"

अंजनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अहो, म्हणजे दसऱ्याला आण्णा…"

"थांब." श्रीपादरावांनी टाक उचलला. "आण्णा आले तर खोली गेली. खोली गेली तर हिचा अभ्यास गेला. पुढच्या वर्षी बी. ए. आहे. आपण आईबाप आहोत. मुलीच्या पाठीशी उभं राहायला नको?" आणि त्यांनी लिहिले, "चि. उमा यंदा ज्युनिअर बी. ए.च्या परीक्षेस बसत आहे. ही परीक्षा इंटरहून अवघड असते."

"खोटं लिहायचं?" अंजनीबाई म्हणाल्या.

"यात खोटं काय आहे? उमा ज्युनिअरला आहे, हे खरं. परीक्षा अवघड असतात, हेही खरं. दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात, एवढंच."

आता पोस्टकार्ड ही वस्तू अशी आहे, की ती ज्याच्या नावाने असते त्याने शेवटी वाचायची असते. त्याआधी ती पोस्टात वाचली जाते. श्रीपादरावांचे कार्ड बदलापूरला पोचायच्या आत सबंध गल्लीला समजले, की मायदेवांची उमा इंटरहून अवघड अशा परीक्षेला बसते आहे.

पहिला आला लीलाराम. क्वार्टरसमोर त्याची पिठाची चक्की होती. फाळणीनंतर सिंधमधून आधी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये आणि तिथून अंबरनाथला आलेला हा माणूस बोलायचा चक्कीच्या पट्ट्यापेक्षा मोठ्याने, आणि मनाने त्याहून मोठा होता.

"साईं, बेटीचा इम्तिहान हाय, मला का नाय बोलला? आजपासून दोन ते पाच चक्की बंद!"

"अहो नको, लोकांची गैरसोय—"

"लोकांचं जाऊ द्या. पीठ काय, रात को भी मिलता है. बेटी एकदाच बी. ए. होते."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोन वाजता चक्की थांबली आणि गल्लीत अशी शांतता पसरली की त्यांना उभ्याउभ्या डुलकी आली. तेवढ्यासाठी त्यांनी सत्य आठवडाभर पुढे ढकलले. मग ते तिथेच राहिले.

गल्लीतल्या बायका दळणाचे डबे घेऊन पाच वाजता रांगेत उभ्या राहू लागल्या. रांगेतून मागच्या खोलीची खिडकी स्पष्ट दिसे. साहजिकच सगळ्यांचे लक्ष तिकडे असे. उमा विणकाम घेऊन बसली की रांगेतून आवाज येई, "उमे, पुस्तक कुठंय गं? आमचं पीठ अडलंय इथं!" पहिल्याच महिन्यात उमाने सुया ठेवून दिल्या.

"बाबा, मजेचं वर्ष होतं हो माझं."

"कर की मजा. पुस्तक पुढ्यात ठेवून कर."

पण पुस्तक पुढ्यात ठेवून दुसरे काही करता येत नाही, म्हणून उमा ते वाचू लागली. डिसेंबरपर्यंत तिचे सीनिअरचेसुद्धा निम्मे वाचून झाले.

माघात शेजारच्या मोरिवली गावची चिमी दूध घालायला आली ती चरवी खाली ठेवून तिथेच बसली. तिच्या मुलाचे लग्न नुकतेच झाले होते.

"झालं का गं आनंदाचं लग्न?" अंजनीबाईंनी विचारले. "हळदीचा ढोल ऐकू नाही आला तो?"

"वाजवलाच नाय, बाय," चिमी म्हणाली. "तुमचे पोरीची परीक्सा हाय ना. आमचे गावान ठरवला, वाजवाचा नाय."

मोरिवलीत हळदीला ढोल नाही म्हणजे हळदीला हळद नाही. अंजनीबाईंच्या हातातले पातेले तसेच राहिले.

"अगं, मग केलंत काय?"

"गुपचूप नाचलो. व्याही बोलला, 'घरान कोन मेला का?' मी बोलले, 'मेला कोन नाय, मायदेवाची पोर बी. ए. होते.' तो बी मंग चपला काढून नाचला, आवाज नको म्हनून."

त्या दिवशी श्रीपादरावांना जेवण गेले नाही. "आता सांगूया सगळ्यांना," अंजनीबाई म्हणाल्या. "कुणाला? चिमीला?" श्रीपादराव म्हणाले. "की ढोल आता परत वाजवा म्हणून?" काही गोष्टी सांगायची वेळ असते, आणि ती लग्नाच्या आधीची असते.

मार्च आला. गल्ली विचारू लागली, पेपर कधी? श्रीपादरावांनी सहा तारखा जाहीर केल्या. त्या सहाही दिवशी उमाच्या हातावर दही घालण्यात आले, लीलाराम चक्की थांबवून बाहेर आला, चिमीने भरलेली चरवी घेऊन समोरून येण्याचा शकुन केला, आणि उमा मैत्रिणीबरोबर राणीच्या बागेत गेली.

"कसा गेला पेपर?" संध्याकाळी रांग विचारी.

"बरा गेला," उमा म्हणे. तिने खोटे बोलायचे नाही असे ठरवले होते, म्हणून पाचव्या दिवशी तिने "आजचा जरा लांबट होता," असे सांगितले. त्या दिवशी त्या दोघी जिराफापाशी बसल्या होत्या.

इथवर सगळे ठीक चालले होते. पण परीक्षा नसली तर निकालही नसतो, हा विचार श्रीपादरावांनी केला नव्हता. गल्लीने केला होता. जूनमध्ये वर्तमानपत्रात युनिव्हर्सिटीचे निकाल आले, त्या सकाळी चक्कीवर दहा-बारा माणसे पेपर पसरून बसली. इंटरचे नंबर होते. बी. ए.चे नंबर होते. ज्युनिअरचे नव्हते.

"एक पण नंबर नाय?" लीलारामने विचारले.

"एकही नाही," वाचणारा म्हणाला. "सगळेच उडाले."

"म्हणजे पेपर डिफिकल्ट असणार," लीलाराम म्हणाला, आणि डोळे पुसत चक्कीचा पट्टा उतरवला. त्या दिवशी गल्लीत कोणी दळण दळले नाही.

दहा वाजेपर्यंत मायदेवांच्या घरी माणसे बसायला आली. सांत्वनाच्या वेळी बोलतात तसे ती हळू बोलत होती. चिमीने दुधाबरोबर साय वेगळी आणली होती. "पोरीला काय बोलू नको रं दादा," ती श्रीपादरावांना म्हणाली. "तिना लय वाचला. आमी बगितला ना खिडकीतनं."

उमा मागच्या खोलीत तोंडात पदराचा बोळा धरून बसली होती. ती हसते आहे, हे फक्त तिच्या आईला माहीत होते. बाकीच्यांना फक्त खांदे दिसत होते.

श्रीपादरावांना ते खांदे पाहवेनात. ते उभे राहिले. "मंडळी, माझी मुलगी नापास झालेली नाही," ते म्हणाले. "ज्युनिअर बी. ए.ला परीक्षाच नसते. कधीच नव्हती. मी खोटं बोललो."

मग लीलाराम उठला आणि त्याने श्रीपादरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साईं, बाप असावा तर असा," तो म्हणाला. "मी पण माझ्या बेटीसाठी असंच बोलेन. पण इतना बडा झूठ मला नाय सुचणार."

"अहो, खरंच नसते!"

"नसते, नसते," सगळे समजुतीने म्हणाले, आणि कोणीतरी त्यांना पाणी दिले.

श्रीपादराव कॉलेजात गेले. ज्युनिअरला परीक्षा नसते असा दाखला त्यांनी मागितला. "जी परीक्षा असते तिचा दाखला मिळतो," कारकून म्हणाला. "नसलेल्या परीक्षांचे दाखले द्यायला बसलो तर आमचे कागद पुरायचे नाहीत."

त्यातच कॉलेज सुरू झाले आणि उमा सीनिअरच्या वर्गात जाऊन बसली. नापास होऊन वरच्या वर्गात! गल्ली थक्क झाली. आठवड्याच्या आत लीलाराम आपल्या मिशाळ मेहुण्याला घेऊन आला. मेहुणा मॅट्रिकला चौथ्यांदा बसून नापास झाला होता.

"साईं, तुमचा वशिला लई वरपर्यंत हाय," लीलाराम दबक्या आवाजात म्हणाला. "याचं पण तसंच करा ना. फेल राहू दे, फक्त पुढे ढकला."

हे सगळे होत असताना बदलापूरला कार्ड गेले होते. ते कोणी पाठवले, याचा शोध लागलेला नाही. सगळ्यांनीच पाठवले असावे. रविवारी दुपारी दारात टांगा थांबला. आण्णा उतरले. मागोमाग वळकटी उतरली, ट्रंक उतरली आणि शाळेतली पितळी घंटा उतरली.

"आण्णा, दिवाळीला अवकाश आहे," श्रीपादराव क्षीण आवाजात म्हणाले.

"हवापालटाला कोण आलंय?" आण्णा कडाडले. "भाची नापास होते आणि मामा हवा खात बसतो? चूक माझी आहे, श्रीपादराव. तुमच्या मुरवतीखातर मी दोन वर्षं लांब राहिलो. आता बी. ए. होईपर्यंत हलणार नाही!"

"आण्णा, अहो, ज्युनिअरला परीक्षा नसते!"

"हेच!" आण्णा अंजनीबाईंकडे वळले. "घरात असे विचार असतील तर मूल नापास होणार नाही तर काय?"

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत रोज दोन ते पाच परीक्षा सुरू झाली. दोनला घंटा होई. आण्णा हात मागे बांधून फेऱ्या घालत. गुळण्या नाहीत, जाहिराती नाहीत. परीक्षेत पर्यवेक्षकाने बोलायचे नसते. उमाने एवढी शांतता जन्मात अनुभवली नव्हती. शिवाय शंका विचारली तर आण्णांना उत्तर येत असे, आणि इतिहास तर त्यांना पाठच होता. "बाबा, आण्णामामा छान शिकवतात हो," ती म्हणाली. अंजनीबाईंनी भावासाठी रोज सांजा करायला घेतला. सगळे खुशीत होते.

फक्त पाच वाजता शेवटची घंटा झाली, की तीन तास तुंबलेले आण्णा पुढच्या खोलीत येत, श्रीपादरावांच्या समोर बसत आणि वर्तमानपत्र उघडून पहिल्या जाहिरातीपासून सुरुवात करीत. पंधराव्या दिवशी श्रीपादरावांनी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून, आपल्या सर्वोत्तम अक्षरात, अर्ज लिहिला.

"मेहेरबान रजिस्ट्रारसाहेब, युनिव्हर्सिटी, मुंबई, यांचे सेवेशी.

विनंती अर्ज ऐसा जे, ज्युनिअर बी. ए. या वर्गास परीक्षा नसल्याने पालकवर्गाची अतोनात गैरसोय होत आहे. तरी सदर परीक्षा मागील वर्षापासून सुरू करण्यात यावी. तीत अर्जदाराची मुलगी तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्याचे वर्तमानपत्रांतून जाहीर व्हावे. दुसरा वर्ग देऊ नये; येथे कोणी विश्वास ठेवणार नाही. तसेच बदलापूरचे एक अनुभवी, कडक व स्वतःची घंटा असलेले गृहस्थ अर्जदाराचे माहितीत आहेत. त्यांची आपल्या हद्दीतील सर्वांत लांबच्या केंद्रावर कायम पर्यवेक्षक म्हणून नेमणूक करावी, व ती परीक्षा संपवू नये, ही नम्र विनंती."