गुंजाळ नानांचा पिवळा

गुंजाळ नाना बाजारात वांगी घ्यायला जात नाहीत, वांग्यांना भेटायला जातात. एका हातात मोबाईल, त्यावर इटलीतल्या कुठल्यातरी चर्चच्या भिंतीवरचं चित्र, आणि दुसऱ्या हातात वांगं. दोन्ही उन्हात शेजारी शेजारी धरायची, मान तिरपी करायची आणि वांगं टोपलीत परत ठेवून म्हणायचं, "जवळपास हाय, पन त्यो न्हाई." संगमनेरच्या भाजीबाजारातल्या बायका आता त्यांना हटकत नाहीत. एकीनं मात्र मला हळूच विचारलं होतं, "सर, म्हाताऱ्याच्या घरी कोनी हाय का न्हाई?" कोणी नव्हतं. वांगी घरी नेऊन भाजायची तरी कोणासाठी?

नाना माझ्या समोरच्या घरात राहतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, ते दूध संघात यंत्रं दुरुस्त करून. संघानं पिशव्या भरायचं यंत्र इटलीहून मागवलं, तेव्हा ते शिकायला डिप्लोमा झालेल्या नानांना तिकडं धाडलं होतं. चार आठवड्यांत परतायचं ठरलेलं, पण यंत्र तयारच होईना आणि नाना अख्खा हिवाळा तिकडं अडकले. रविवारी खोलीवर थंडी सोसवेना, म्हणून ते चर्चमध्ये जाऊन बसायचे. तिथला म्हातारा पाद्री त्यांना भिंतीवरची चित्रं बोटानं दाखवून समजावून सांगायचा. नाना इटालियन शिकले ते असे. कारखान्यात आधी 'नट घट्ट कर' शिकले आणि चर्चमध्ये लाल रंगाची बारा नावं.

तिथल्या कारखान्यातल्या इंजिनियरची मुलगी जूलिया आता चित्रांवरची पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेत आहे. बापाच्या मैत्रीखातर तिनं निवृत्त नानांना काम दिलं. चित्रातल्या रंगांची इटालियन वर्णनं इंग्रजीत करायची. नानांचं इंग्रजी सगळं यंत्राच्या माहितीपुस्तकांतून आलेलं. मेरीच्या झग्याचं त्यांनी केलेलं पहिलं वर्णन मी वाचलं, ते मराठीत साधारण असं होईल: "डाव्या बाजूस निळा बसवलेला आहे. सोनेरीचे प्रमाण माफक ठेवावे. पायाशी लाल रंगाची गळती आढळते."

मी हसलो. नाना हसले नाहीत. "गळती हायच तिथं. तुमी बघा नीट," म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं इंग्रजी सरळ करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नुसता शब्द शोधून दिला की त्यांना चालायचं नाही. मूळ लेखकानं 'भाजलेल्या मातीचा' म्हटलं की आधी वीटभट्टी गाठायची. 'गडद मधाचा' म्हटलं की गुऱ्हाळावर जाऊन काकवी उन्हात धरायची. गुऱ्हाळवाला म्हणाला, "नाना, घ्या की बाटलीभर." नाना म्हणाले, "खायाची न्हाई, बघायचीय." त्या माणसानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिचा रंग कागदावर उतरवायचा नाही, हा नानांचा नेम. एका परिच्छेदाला आठवडा लागायचा आणि माझ्या पेट्रोलचा चुराडा व्हायचा.

या सगळ्यात सिंधूकाकूंची फार करमणूक व्हायची. सिंधूकाकू म्हणजे नानांची बायको. दारात डाळ निवडत बसायच्या आणि नानांनी मोबाईल पुढं केला की मान न वळवता निकाल द्यायच्या.

"निळा."

"निळा न्हाई. शेवाळी झाक हाय."

"आवं, डोळं फुटलं का तुमचं? आभाळ कधी शेवाळी असतंय?"

"इटलीतलं असतंय."

यावर संध्याकाळपर्यंत भांडण चालायचं. शेवटच्या तीन-चार वर्षांत भांडणं फारच वाढली. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, म्हातारपणी ही दोघं चांगली रंगात आली आहेत. मलाही तसंच वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात काकू दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्यानंतर समोरच्या घरातून आवाज यायचा बंद झाला, आणि ती शांतता मला माझ्या घरात बसूनसुद्धा नकोशी व्हायची.

आता नानांकडं उरलं ते एवढं भाषांतर. सकाळी उठून अंघोळ करायची, इस्त्रीचा सदरा घालायचा आणि कामावर जाणाऱ्या माणसासारखं टेबलाशी बसायचं. मुलगी नाशिकला असते. ती म्हणते, इकडं या. नाना म्हणतात, "काम हाय." हे काम गेलं तर या माणसाला सकाळी उठायला कारणच उरणार नाही, हे मला दिसत होतं.

आणि काम जाण्याची चिन्हं दिसू लागली. नाना लेखकाच्या चुका काढायला लागले होते. लेखकानं लिहिलं होतं, येशूच्या अंगावरचं वस्त्र बर्फासारखं पांढरंशुभ्र आहे. नानांनी लिहिलं, 'सायीच्या रंगाचं', आणि खाली टीप जोडली: "मूळ लेखकाची चूक झालेली आहे. सायीशी ताडून पाहिले, तंतोतंत जुळते." निळ्या डोंगराला त्यांनी राखाडी करून टाकलं आणि जांभळ्या सावलीला तपकिरी. प्रत्येक ठिकाणी खाली तशीच टीप. चाळीस वर्षं चित्रांवर लिहिणाऱ्या त्या इटालियन विद्वानानं म्हणे जूलियाला विचारलं, हे गृहस्थ कोण?

जूलियाचा निरोप नानांनी मला दाखवला. भाषा गोड होती, पण अर्थ साफ होता. हे पुस्तक पुन्हा तपासून द्या, पुन्हा असंच झालं तर आपल्याला थांबावं लागेल.

"येडी झाली पोरगी," नाना म्हणाले. "बघा तुमी. हे वस्त्र पांढरं हाय व्हय?"

मी पाहिलं. ते पांढरं होतं. दुधासारखं, खडूसारखं, माझ्या बनियनसारखं पांढरं होतं. मी नानांच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि एकदम उजेड पडला. इतकी वर्षं त्या माणसाशी रंगांवर बोलत होतो, पण ज्या डोळ्यांनी तो बघतो तेच कधी पाहिले नव्हते. दोन्ही बुबुळांवर धुरकट, पिवळसर पडदा होता. सायीच्या शेजारी पांढरं वस्त्र धरलं तरी काय उपयोग? दोन्ही त्याच पडद्यातून दिसणार.

"नाना, मोतीबिंदू आहे तुम्हाला."

"चालू यंत्र उघडायचं नसतं," नाना म्हणाले आणि मला दार दाखवलं.

आठ दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे राहिले. "चला. पन एकच डोळा. दुसऱ्याचं नंतर बघू." डॉक्टरही एका वेळी एकच करणार होते, त्यामुळे दोघांचंही समाधान झालं. दुसऱ्याची तारीख महिन्यानंतरची मिळाली.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा नाना पोरासारखे वागले. दवाखान्याच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "आरारारा, केवढी पांढरी!" घरी येताना टेम्पोवरचा निळा रंग बघून मला गाडी थांबवायला लावली. चार दिवसांत पुस्तक तपासून झालं. सगळ्या टिपा त्यांनी स्वतःच खोडल्या आणि लेखकाची माफी मागणारं एक वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं. जूलियाचं उत्तर आलं, फार सुंदर, पुढचं पुस्तक पाठवते. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर दोन दिवस समोरचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको दार ढकलून आत गेलो. नाना पलंगावर बसले होते. काकूंचं कपाट सताड उघडं होतं आणि नानांच्या मांडीवर एक साडी होती, बारीक जरीकाठाची.

"सर, खरं सांगा. ही कोनत्या रंगाची हाय?"

मी बायकोकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"पांढरी आहे, नाना."

"नातवाच्या बारशाला आनली हुती मी. दुकानातला पोरगा म्हनत हुता, आजोबा, पांढरी हाय. मी त्याला झापला. म्हनलं, रंग मला शिकवतो व्हय? हळदीचा फिका पिवळा हाय त्यो." नाना साडीवरून हात फिरवत राहिले. "तिला दिली. म्हनलं, कशी हाय? म्हनली, लई झाक पिवळा हाय."

माझ्या बायकोला सगळं आठवत होतं. ती त्या बारशाला गेली होती. नाशिकच्या त्या भरल्या हॉलमध्ये सगळ्या सवाष्णी हिरव्या-लाल साड्यांत आणि सिंधूकाकू एकट्या पांढऱ्या साडीत. बायका कुजबुजल्या. मुलीच्या सासूनं तर तोंडावरच विचारलं, "विहीणबाई, नवरा समोर बसलाय अन् तुम्ही पांढरी नेसून आलात?" काकू म्हणाल्या होत्या, "पिवळी हाय. तुमचंच डोळं तपासा." पाळण्यापाशी दिवसभर बसल्या होत्या त्या तशाच. माझी बायको घरी येऊन मला म्हणाली होती, काकूंची नजर गेली वाटतं.

"आभाळावरून भांडली," नाना म्हणाले. "डोंगरावरून भांडली, वांग्यावरून भांडली. हिच्यावरून न्हाई भांडली. तिला ठाऊक हुतं, सर. माझं डोळं गेल्यालं तिला कवाच ठाऊक हुतं."

माझी बायको स्वयंपाकघरात गेली आणि उगाच चहाचं भांडं शोधत बसली.

नानांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डाव्या डोळ्यानं मांडीवरच्या साडीकडं बराच वेळ पाहिलं.

"हितून पिवळीच हाय," ते म्हणाले. "तिनं सांगितल्यासारखी. डॉक्टरला म्हनावं, एक डोळा कामापुरता झाला. ह्यो दुसरा ऱ्हाऊ द्या."

मी त्यांना समजवायला हवं होतं. पडदा जुना होईल तसा त्या डोळ्यानं पिवळंही दिसणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. बाहेर ओसरीवर येऊन मी डॉक्टरांना फोन लावला आणि पुढच्या महिन्याची तारीख रद्द करायला सांगितली.