मोकाशींचा मका

मोकाशींचा फोन आला की आमच्या घरात पातेलं चढतं.

मोकाशी आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. मक्याचा हंगाम सुरू झाला की दर रविवारी सकाळी ते स्कूटर काढतात आणि कामोठ्याहून थेट नावडे फाट्याच्या पुढे जातात. तिथे कारखान्यांच्या मधूनच थोडी शेती अजून तग धरून आहे, आणि शेताच्या तोंडाशी ताडपत्री बांधून बायका स्वतःच्या शेतातला माल विकायला बसतात. कणसं पिशवीत पडली की मोकाशी तिथूनच फोन लावतात, तो माझ्या बायकोला. "वहिनी, निघालो. पाणी ठेवा." की सुनंदा हातातलं काम टाकून उठते आणि मोठं पातेलं गॅसवर ठेवते.

मी माझ्या बायकोला बाहेरून फोन केला तर ती तिसऱ्या खेपेला उचलते, आणि उचलल्यावर "काय हो, काय झालं आता?" असं विचारते. मोकाशींचा फोन पहिल्या घंटेला. एकदा तर माझ्या कपात चहा ओतता ओतता ती अर्ध्यावर उठून गेली. उरलेला चहा मी माझ्या हाताने ओतून घेतला.

या सगळ्या धावपळीच्या मुळाशी मोकाशींचा एकच सिद्धांत आहे: गोडी पळते. मका शेतात ताटावरून तोडला, की त्या क्षणापासून त्याची गोडी पळायला लागते. म्हणून कणीस घरात यायच्या आधी पाणी उकळलेलं हवं. नुसतं उकळलेलं चालत नाही, खळखळतं हवं. मोकाशींनी सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढली, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. "वहिनी, हे उकळतंय. खळखळत नाहीये," असं ते दारातूनच, नुसत्या आवाजावरून सांगतात. मी सांगितलं असतं तर पातेलं माझ्या हातात देऊन सुनंदा बाहेर गेली असती.

पाण्यात मीठ घालायचं नाही, दाणा आखडतो. साल सोलून बघायची नाही, आणि नख तर मुळीच लावायचं नाही. एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे एक बाई कणसं सोलसोलून दाण्यांत नख खुपसत होत्या. मोकाशी शांतपणे म्हणाले, "तुम्हाला कोणी असं बघितलं तर चालेल का?" त्या बाई अजून आमच्या गल्लीने जात नाहीत. मॉलमध्ये कपातून मिळणाऱ्या मसाला-बटरच्या मक्याला ते औषध म्हणतात.

मका कुठल्या शेतातून आणतात, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "फाट्याच्या पुढे" एवढाच पत्ता. आमच्या सेक्रेटरींनी फार खोदून विचारलं, तेव्हा मोकाशींनी त्यांना रस्ता नीट, अगदी वळणावळणासकट समजावून सांगितला. सेक्रेटरी बायकोला घेऊन गेले आणि भंगारच्या गोदामात पोचले.

मोकाशींचं लग्न झालेलं नाही. का नाही, ते कोणी विचारलं नाही, निदान त्यांच्या तोंडावर तरी. घरात पाणी ठेवायला दुसरं माणूस नाही म्हणून ते काम सुनंदाकडे आलं, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण मग काकड्या सुरू झाल्या. कणसांबरोबर कधी कोवळी काकडी, कधी मूठभर भेंडी, कधी दोन शिराळी. "वहिनींसाठी," म्हणून मोकाशी दारातच पुढे करायचे, आपली उकडलेली कणसं घ्यायचे आणि वर निघून जायचे. सुनंदा ती काकडी हातात धरून म्हणायची, "बघा, किती लक्षात ठेवतात." त्या काकडीची कोशिंबीर मला गोड लागायची नाही.

शेवटी एकदा मी उठलो आणि स्टेशनजवळच्या गाडीवरून कणसं घेऊन आलो. चांगली भरलेली, जाडजूड. सुनंदाने ती हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "कालची असतील. कुकरला लावते." मोठं पातेलं फळीवरून खाली उतरलंसुद्धा नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं, ते मका खायच्या आधीच.

पुढच्या रविवारी मी माझी स्कूटर काढून मोकाशींच्या आधी घराबाहेर पडलो. देवळात जातो म्हणून सांगितलं. बेत असा, की मोकाशींचा तो ताडपत्रीचा मांडव शोधायचा, चांगली कणसं सगळी आपण उचलायची आणि तिथूनच ऐटीत घरी फोन करायचा. कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांच्या रांगेत धूर खात उभा होतो, तरी मनात उकळ्या फुटत होत्या. फाट्याच्या पुढे दोन चुकीच्या रस्त्यांना लागलो. तिसऱ्याच्या कडेला मक्याच्या सालींचा ढीग दिसला, आणि ढिगाच्या मागे निळी ताडपत्री.

खाली एक आगरी बाई बसली होती. नाकात नथ, पायाशी हिरव्यागार कणसांचा ढीग. मागचं शेत तिचंच, नाव यमुनाबाय. मी कणसं निवडायला लागलो, तसं तिने विचारलं, "कुठशी आयलाव?"

"कामोठ्याहून."

"मंग आमचे मोकाशी भाऊ वलखत असाल."

"आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात," मी म्हटलं. तोंड कडू झालं. इथेही मोकाशीच.

"लय भला मानूस," ती म्हणाली. "आनि त्यांची बायको त्यांच्यापरीस भली."

मी कणीस खाली ठेवलं.

"भाऊ इथशी फोन लावतान, आनि ती तिकरं पानी ठेवून वाट बघते. या वयान कोन कोनासाठी पानी ठेवतं? माझा नवरा बाजूच्या खोलीन असला तरी हाकेला ओ देत नाय." तिने पदराआडून एक काकडी काढली. "ही वयनीसाठी ठेवलीय. दर टायमाला भाऊंबरोबर काय तरी धारते तिला. अशी बाई बघायला पायजे एकदा."

माझं डोकं तापलं. काकड्या मोकाशींनी निवडलेल्या नव्हत्या, हे कळून जरा थंडावा मिळायला हवा होता, पण त्या क्षणी मला दुसरंच दिसत होतं. रोज सकाळी माझ्या शेजारी बसून पेपरमधलं राशिभविष्य वाचणारी माझी बायको इथे, या ताडपत्रीखाली, मोकाशींची मंडळी झाली होती. आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"गोडी पळते म्हणून घाई करतात ते," मी कसंबसं म्हणालो.

"गोरी कुठं पलते?" गोडीची 'गोरी' करत यमुनाबाय हसली. "ही जातच गोर हाय. दोन दिस ठेवली तरी तशीच लागते. मी भाऊंना कितींदा सांगितलं. ते म्हनतान, असू दे, घाई असलेली बरी."

ती माझी बायको आहे, असं मी स्पष्ट सांगणार होतो. वाक्य तयार होतं. तेवढ्यात रस्त्यावर ओळखीची स्कूटर थांबली.

मोकाशी पिशवी झटकत खाली उतरले आणि मला बघून जागच्या जागी उभे राहिले. माझ्याकडे, मग यमुनाबायकडे, मग तिच्या हातातल्या काकडीकडे त्यांनी बघितलं. काय काय बोलणं झालं असेल ते त्यांना कळलं. जगाला मका कसा खावा ते शिकवणारे मोकाशी ढिगापाशी वाकले, एक कणीस उचलून सोललं आणि त्याच्या दाण्यांत नख रुतवत राहिले. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"भाऊ, हे तुमच्याच बिल्डिंगीतले," यमुनाबाय म्हणाली. "वलखता का?"

मोकाशींनी मान वर केली नाही. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी या माणसाला असं घाबरलेलं बघितलं नव्हतं, आणि मला त्यात जी मजा वाटायला हवी होती ती वाटली नाही.

"ओळखतात म्हणजे काय," मी म्हणालो. "मी यांचा धाकटा भाऊ."

हे मी का म्हणालो, मला माहीत नाही. मोकाशींनी झटकन माझ्याकडे बघितलं.

"आगं बाय. मंग मगाशी बोलला नाय?"

"तुम्ही वहिनींचं कौतुक करत होतात. म्हटलं, ऐकून घ्यावं."

"एकाच घरान रहाता?"

"हो. एकत्रच."

"आनि तुमची बायको?"

आता आली पंचाईत. सुनंदा तर मी नुकतीच देऊन टाकली होती. मोकाशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत होते. दोन मुलींचा बाप मी, धाकटीचं लग्न गेल्याच वर्षी झालेलं.

"नाही," मी म्हणालो. "लग्न नाही झालं माझं."

यमुनाबायने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरे केस, हातातली कापडी पिशवी, चपला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे भावजयच करते सगला."

"हो."

"नशीब समजा," ती म्हणाली. आम्हा दोघांची कणसं पिशव्यांत भरून झाल्यावर तिने ढिगातून आणखी एक, चांगलं मोठं कणीस शोधलं आणि काही न बोलता माझ्या पिशवीत टाकलं. त्या वेळी तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला तिथून लवकर निघावंसं वाटलं.

आम्ही दोघं स्कूटरींपाशी आलो. मोकाशी किल्ली हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

"मी खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तिने विचारलं, एवढी घाई कसली? मी म्हटलं, घरी पाणी ठेवलंय. तीच म्हणाली, वयनी नशीबवान हाय. मी ऐकून घेतलं. मग दर रविवारी ऐकत राहिलो."

मी पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली.

"आत्ता तिने तुमच्याकडे जसं बघितलं ना," ते म्हणाले, "तसं सगळीकडे बघतात मला. बँकेत, लग्नाकार्यात, डॉक्टरकडे. घरी कोण आहे विचारतात, आणि मग तसं बघतात. ही एकच जागा होती जिथे कोणी बघत नव्हतं. पण तुम्हाला राग येणं बरोबर आहे. वहिनींना मी आता फोन करणार नाही."

राग होताच. तो असा पटकन जाणारा नव्हता, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. मग म्हटलं, फोन मात्र करा, आणि आजपासून कणसं घेऊन वर पळायचं नाही, आमच्या टेबलावर बसून खायची. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. स्कूटरच्या आरशावरची धूळ रुमालाने पुसत राहिले.

मला ते जादा कणीस पिशवीत ठेवून घ्यायची लाज वाटत होती. मी ते काढलं आणि त्यांच्या पिशवीत टाकलं. मोकाशींनी ते उचललं, साल नीट सारखी केली आणि परत माझ्या पिशवीत ठेवलं.

"असू दे," ते म्हणाले. "धाकट्याला दिलंय तिने."