शब्द न् शब्द माझा!

"एक दिवस सरांसमोर उभी राहीन आन् सगळं तोंडावर बोलीन!" लातूरच्या एका खेळ बनवणाऱ्या छोट्या कंपनीत सुकन्याने ही घोषणा इतक्यांदा केली होती, की चहावाल्यालाही ती पाठ झाली होती.

तिचं दुखणं खरं होतं हो! पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ ती रचायची, चित्रं आदर्श काढायचा, आणि डब्यावर ठसठशीत नाव यायचं मालकांचं, दयानंद सरांचं. सरांनी आजवर एकाही खेळाचे नियम वाचले नव्हते. ते फक्त बदलायचे! सोमवारी म्हणायचे सोंगट्या मोठ्या करा, मंगळवारी म्हणायचे सोंगट्या पाहिजेतच कशाला?

तोंडावर बोलायचं धाडस होईना, म्हणून दोघांनी जेवणाच्या सुट्टीत एक खाजगी खेळ रचला, 'सायेब आले!' पत्ता उचलला की निघायचं, 'सुट्टी मागितली. सायबाचा बीपी वाढला. तीन घरं मागं!' किंवा, 'आयडिया तुझी, फोटो सायबाचा. एक डाव गप्प बसा!' डब्यात सगळ्यात वर चित्र, कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा घरभर शोधणाऱ्या सायबाचं.

अशात नांदेडच्या व्यंकटीशेठकडे नवा खेळ दाखवायचं ठरलं. शेठची गावोगावी खेळण्यांची दुकानं. ते 'हाव' म्हणाले तर कंपनी तरणार, नाहीतर दिवाळीनंतर टाळं! आदर्शने घाईत एक पांढरा डबा गाडीत ठेवला. पांढरे डबे दोन होते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सर सुकन्याला घेऊन नांदेडला पोचले. शेठच्या ऑफिसात त्यांची माणसंही जमली. सरांनी डब्यावर हात ठेवला. "शेठ, आधीच सांगतो. ह्यातला शब्द न् शब्द माझा!"

झाकण उघडलं. वर चष्मेवाला सायेब!

विजेच्या उघड्या डीपीला हात लागावा तशी सुकन्या ताठ झाली. "सर, डबा..."

"मधी बोलू नको!"

शेठच्या ऑफिसातल्या ऋतुजाने पत्ता उचलून मोठ्याने वाचला, "'सायबानं मीटिंग बोलावली आन् सायेबच घोरू लागला. सगळ्यांनी चवड्यावर बाहेर पडा!'"

शेठची माणसं फस्सकन हसली. एकाच्या नाकातून चहा आला! मग सगळ्यांनी एकदम शेठकडे पाहिलं आणि खोली चिडीचूप.

शेठ वाळल्या मिरचीसारखे लाल झाले. "दयानंदराव, मी मीटिंगमधी घोरतो, हे तुमाला कोण सांगितलं?"

सर खिशात चष्मा शोधू लागले!

"घरभेदी कोण हाय? ऋतुजा, तू? उद्यापासून येऊ नको!"

ऋतुजाचे डोळे भरून आले. सुकन्याला राहवेना. "शेठ, तिचा काय संबंध न्हाई! हा खेळ तुमच्यावर न्हाईच!"

"मग कुणावर हाय?"

सुकन्याने नुसतं सरांकडे पाहिलं. सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कंपनीचा खेळ वाचला. एक पत्ता... दुसरा पत्ता... कानाच्या पाळ्या जांभळ्या! पण शब्द न् शब्द माझा, असं आत्ताच सांगून बसलेले.

"शेठ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हा सायेब... मीच हाय."

"सुट्टी मागितली की तुमचा बीपी वाढतो?"

"हाव."

"आयडिया पोरांची आन् फोटो तुमचा?"

"हाव... लई वेळा."

शेठ आ वासून बघत राहिले. मग पोट धरून असे हसले, की खुर्ची मागे सरकली. "स्वतःची अशी इज्जत काढणारा मालक पहिल्यांदाच बघून राहिलो! माल दिवाळीच्या आधी पाठवा! ए पोरी, रडू नको, काम कर."

परतीच्या वाटेवर सर नुसती गाडी दामटत होते. आता आपली नोकरी गेली, असं सुकन्या धरूनच चालली होती. अहमदपूरला चहाला थांबले, तेव्हा सर एकदम म्हणाले, "डब्यावर नाव तुझं टाक. खाली आदर्शचं."

सुकन्याने चहाचा कप खाली ठेवला. "खरंच, सर?"

"मग काय माझं टाकू? सगळं लातूर विचारंल, ह्यो सायेब कोण म्हणून! आन् उद्या सकाळीच ये, लई काम हाय."

आजचा दिवस सोडला तर पुन्हा धीर व्हायचा नाही! तिने बोलून टाकलं. "सर, उद्या रविवार हाय."

सर थबकले. आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"भारी हाय की! ह्याचा बी एक पत्ता कर," ते म्हणाले. "उद्याच!"