चिंतेचा संयुक्त मसुदा

ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया यांच्या सीमेवरच्या घाटात दोन्ही देशांचा मिळून एक संयुक्त परराष्ट्र समन्वय कक्ष होता. परक्या मुलखात काही बरंवाईट घडलं, की दोघांनी एका सुरात बोलावं, हा त्याचा उद्देश. स्लोव्हेनियाच्या बाजूनं तिथं तादेया कोबाल बसे, ऑस्ट्रियाच्या बाजूनं डॉक्टर आइबिंगर. डॉक्टर कशाचे, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

त्या वसंतात मारिबोरचा गुरांचा डॉक्टर येर्नेय पोड्लेस्निक एका दूरच्या हुकूमशाहीत पकडला गेला. गेला होता लसी टोचायला. राष्ट्राध्यक्षांचा लाडका बैल त्यानं आजारी ठरवला, एवढाच गुन्हा. येर्नेय स्लोव्हेनियाचा, बायको वाल्ट्राउड ऑस्ट्रियातल्या ग्राझची. म्हणजे प्रकरण अस्सल द्विपक्षीय.

"निषेध करू या," तादेया म्हणाली.

"निषेध?" डॉक्टरांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "बाई, आम्ही त्यांना रेल्वेचे डबे विकतो. चिंता चालेल."

"मग तीव्र चिंता."

"तीव्र नको, डबे परत येतील. मध्यम करा."

"चिंता म्हणजे काय गुलाश आहे, मध्यम तिखट करायला?"

शेवटी 'सजग चिंता' ठरली. मग आधी नाव कोणत्या देशाचं, यावर घोडं अडलं. उपसमितीनं तोडगा काढला: दोन प्रती करायच्या, प्रत्येकानं आपल्या प्रतीत आपलं नाव आधी घालायचं. पण प्रती वेगळ्या, तर निवेदन संयुक्त कसं? ते ठरवायला आणखी एक उपसमिती नेमली गेली.

रोज सकाळी वाल्ट्राउडचा फोन येई. "अगं तादेया, काही हललं का?"

"दुसरा परिच्छेद हलला," तादेया सांगे, आणि फोन ठेवल्यावर तिची तिलाच लाज वाटे.

एके दिवशी तिला राहवेना. "डॉक्टरसाहेब, सरळ तुरुंगाधिकाऱ्यालाच फोन लावते."

"तुम्ही एकट्या? तो एकपक्षीय फोन होईल!"

म्हणून दोघांनी आपापल्या फोनवरून एकाच क्षणी तोच नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला, पुन्हा व्यस्त. दुपारपर्यंत दोन मित्रराष्ट्रं एकमेकांची वाट अडवून बसली.

"तिकडे कामाचा फार ताण दिसतो," डॉक्टर हळहळले.

तिकडे बैल मेला. बाकीचे बैलही मान टाकू लागले, तेव्हा कुठं हुकूमशहाला अक्कल आली. त्यानं येर्नेयला कोठडीतून काढून गोठ्यात नेलं, आणि बैल चरू लागल्यावर विमानात बसवून दिलं.

येर्नेय बायकोला घेऊन स्वतःच कक्षात हजर झाला. "मी सुटलो. आता तसदी घेऊ नका."

डॉक्टर आइबिंगरांचा चेहरा पडला. "सुटलात? कोणाला विचारून? गुरुवारी निवेदन वाचायला दोन्ही देशांचे मंत्री येताहेत! सुटकेची अधिकृत खबर आमच्याकडे नाही. त्यामुळे गुरुवारपर्यंत तुम्ही आतच आहात."

तादेयानं येर्नेयकडे पाहिलं. त्याचे गाल पार बसले होते. 'माफ करा' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो मसुदा तिनंही लेकरासारखा वाढवला होता. "तुम्हाला पहिल्या रांगेत जागा ठेवते," ती म्हणाली.

गुरुवारी मंत्र्यांनी येर्नेयच्या प्रकृतीविषयी सजग चिंता व्यक्त केली. पहिल्या रांगेत येर्नेय पोटिका, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, खात बसला होता. शेजारी बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईनं डोळे पुसले. "बघ रे, सरकार पाठीशी होतं म्हणून सुटलास!" त्यानं तोंड उघडलं, तोच वाल्ट्राउडनं त्याचा पाय दाबला. त्यानं टाळ्या वाजवल्या.

निघताना तो तादेयाला हळूच म्हणाला, "माझ्या कोठडीत एक शाळामास्तर होते. अजून तिथंच आहेत."

"कोणत्या देशाचे?"

"तिथलेच."

"मग ते द्विपक्षीय नाहीत," ती बोलून गेली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. तोवर तो जिना उतरला होता.

हे वाचून तुम्हालाही त्या मास्तरांबद्दल वाईट वाटलं असेल. वाटणारच. त्यांचं नाव काय, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.